‘स्ट्रीट फायटर ६’ : द्वंद्वक्रीडेतील सामर्थ्य, सुगमता आणि औचित्य

१

गाजलेल्या कृतीला उत्तरभाग जोडण्याचा प्रयत्न कोणत्याही कलाप्रकारात जोखमीचा असतो. पूर्वकृतीशी इमान राखावे तर पुनरुक्तीचा आक्षेप येतो, आणि नवी वाट धरावी तर परंपराभंगाचा. कादंबरी किंवा नाटक यांच्या बाबतीत हा प्रश्न मुख्यतः वाचकाच्या वा प्रेक्षकाच्या स्मृतीपुरता मर्यादित राहतो. द्वंद्वप्रधान व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र त्याला आणखी एक पदर आहे. येथे पूर्वकृतीची स्मृती केवळ मनात नसते. ती खेळाडूच्या बोटांत मुरलेली असते. नियमांतील लहानसा फेरफार अनेकांनी वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळविलेले कौशल्य एका दिवसात निरुपयोगी ठरवू शकतो. उलट, कोणताच फेरफार न करणे म्हणजे ज्यांच्या बोटांत ती स्मृती नाही अशा नवागतांना दार बंद करणे होय. म्हणून अशा उत्तरभागाचे मूल्यमापन करताना तो पूर्वीपेक्षा सरस आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. जुन्या कौशल्याचा मान आणि नव्या खेळाडूचा हक्क यांची सांगड त्याने कशी घातली आहे, हे पाहावे लागते.

ओसाका येथील कॅपकॉम या जपानी कंपनीने २ जून २०२३ रोजी प्रसिद्ध केलेला ‘स्ट्रीट फायटर ६’ हा व्हिडिओ गेम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ताकायुकी नाकायामा हे त्याचे दिग्दर्शक होत. या मालिकेचा आरंभ १९८७ साली झाला. परंतु तिला खरी प्रतिष्ठा लाभली ती १९९१ सालच्या दुसऱ्या भागामुळे. आठ योद्ध्यांपैकी मनास येईल तो निवडावा आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मनुष्याशी झुंजावे, ही त्या भागाने रूढ केलेली रचना म्हणजे या संपूर्ण प्रकाराचे व्याकरणच ठरली. त्यानंतर १९९७ ते १९९९ या काळात तिसऱ्या भागाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी ‘थर्ड स्ट्राइक’ ही शेवटची आवृत्ती आजही जाणकारांच्या आदरास पात्र आहे. चौथा भाग २००८ साली आणि पाचवा २०१६ च्या फेब्रुवारीत आला.

पाचव्या भागाचा उल्लेख येथे विशेष आवश्यक आहे, कारण सहाव्या भागाची घडण त्याच्या अपयशाकडे पाहूनच झालेली दिसते. प्रकाशनसमयी पाचव्या भागात अवघे १६ योद्धे होते. एकट्याने खेळण्याचा रूढ आर्केड विभाग त्यात नव्हता. सविस्तर कथाविभागही मागाहून जोडण्यात आला. स्पर्धांत उतरणाऱ्यांस पुरेसा, परंतु सामान्य खेळाडूस अपुरा, असा त्या कृतीविषयीचा अभिप्राय होता. सहावा भाग १८ योद्धे आणि तीन स्वतंत्र विभाग घेऊन अवतरला : समोरासमोरच्या लढतींचा ‘फायटिंग ग्राउंड’, एकट्याने खेळावयाचा ‘वर्ल्ड टूर’ आणि दूरस्थ खेळाडूंनी एकत्र जमण्याचा ‘बॅटल हब’. हे वैपुल्य उघड आहे. प्रश्न आहे तो या वैपुल्याच्या मुळाशी एकच दृष्टी आहे काय, हा.

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी द्वंद्वक्रीडेच्या आंतरिक तत्त्वाचा थोडक्यात परामर्श घेणे इष्ट ठरेल. बाहेरून पाहणाऱ्यास या खेळांत केवळ आघातांची गर्दी दिसते. वस्तुतः त्यांचे स्वरूप कुस्तीच्या डावपेचांशी अधिक जुळते. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते आणि त्या तोडीलाही तोड असते. मल्लाचे सामर्थ्य एखाद्या डावात नसून कोणता डाव कोणत्या क्षणी काढावा या जाणिवेत असते. द्वंद्वक्रीडेतही आघात, बचाव आणि पकड या तीन मूलकृतींचा संबंध चक्राकार आहे. बचाव आघातास निष्फळ करतो, पकड बचाव मोडते, आणि पकडीसाठी पुढे सरसावणाऱ्यास आघात रोखतो. यांतील कोणतीही एक कृती स्वयमेव श्रेष्ठ नाही. प्रतिस्पर्धी काय करू पाहत आहे याचा अंदाज घेऊनच तिची निवड करावी लागते.

ही निवड ज्या काळात करावयाची तो काळ अत्यल्प असतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते आणि प्रत्येक कृतीचे मोजमाप या फ्रेमांत होते. म्हणजे एकीकडे बुद्धिबळासारखा तर्क आणि दुसरीकडे तालवाद्यासारखी काळाची जाण अशा दोन शक्तींची येथे एकाच वेळी कसोटी लागते. या प्रकाराचा आस्वादही याच दुहेरी कसोटीतून निर्माण होतो. २००४ साली अमेरिकेतील ‘इव्हो’ स्पर्धेत दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूने ‘थर्ड स्ट्राइक’ खेळताना जस्टिन वाँग याच्या एकापाठोपाठ येणाऱ्या आघातांची संपूर्ण मालिका एकेक करून परतविली आणि हरत आलेला डाव जिंकला. तो प्रसंग या क्षेत्रात अजून सांगितला जातो. त्याची थोरवी केवळ बोटांच्या चपळाईत नाही. ज्या खेळाडूच्या योद्ध्यात साधा बचाव करण्याइतकेही बळ उरलेले नव्हते, त्याने माघार न घेता प्रत्येक आघाताकडे पुढे होऊन पाहिले, यात ती आहे. ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये आघात परतविण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेनेच कळ दाबावी लागे. बचावाची दिशा सोडून धोक्याच्या दिशेने जावे लागे. नियमातच धैर्याचा आशय गोवलेला होता.

नियमांतून आशय प्रकट करण्याची ही शक्ती हेच द्वंद्वक्रीडेचे वैशिष्ट्य मानले, तर सहाव्या भागाच्या गुणदोषांची चिकित्सा त्याच्या नियमव्यवस्थेपासूनच आरंभणे क्रमप्राप्त ठरते.

३

या भागातील सर्वांत महत्त्वाची नवी योजना म्हणजे ‘ड्राइव्ह’ व्यवस्था होय. प्रत्येक योद्ध्याजवळ सहा घरांचा एक साठा असतो. त्यातून खर्च करून पाच प्रकारच्या कृती करता येतात : प्रतिस्पर्ध्याचे आघात अंगावर झेलून प्रचंड तडाखा देणारा ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’, येणारा आघात परतविणारी ‘ड्राइव्ह पॅरी’, विशेष आघातांना अधिक बळ देणारा ‘ओव्हरड्राइव्ह’, वेगाने पुढे झेपावणारा ‘ड्राइव्ह रश’ आणि बचाव करता करता प्रतिस्पर्ध्यास दूर लोटणारा ‘ड्राइव्ह रिव्हर्सल’.

या योजनेचे खरे नावीन्य तिच्या कालक्रमात आहे. पूर्वीच्या बहुतेक भागांत विशेष शक्तीचा साठा आरंभी रिता असे व लढत पुढे सरकेल तसा भरत जाई. येथे तो प्रत्येक फेरीच्या आरंभी पूर्ण भरलेला असतो. खेळाडूस पहिल्याच क्षणापासून सर्व काही उपलब्ध असते; शिकावयाचे असते ते राखून वापरण्याचे. साठा संपूर्ण संपला की योद्धा ‘बर्नआउट’ अवस्थेत जातो. मग साठा पुन्हा पूर्ण भरेपर्यंत त्याला ड्राइव्हच्या कोणत्याही कृती करता येत नाहीत; विशेष आघात अडविले तरी त्याचे बळ थोडेथोडे घटते; आणि कोपऱ्यात सापडल्यास एका ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ने तो भोवळ येऊन हतबल होतो. रिक्ततेकडून समृद्धीकडे जाणाऱ्या जुन्या रचनेपेक्षा समृद्धीकडून रिक्ततेकडे जाणारी ही रचना अधिक नाट्यपूर्ण आहे. उधळ्या आणि कृपण अशा दोन्ही प्रकृतींची ती परीक्षा घेते. खेळाडूची हार बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या पराक्रमाइतकीच त्याच्या स्वतःच्या अविवेकातून उद्भवते, आणि हे त्यालाही लढत चालू असतानाच स्पष्ट दिसत असते.

‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’चे उदाहरणही उद्बोधक आहे. हा तडाखा बसावयास २६ फ्रेमा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी काळ, लागतो. केवळ त्याचीच वाट पाहत बसलेल्या मनुष्यास त्याची तोड काढणे अवघड नाही. परंतु लढतीत लक्ष एकाच गोष्टीवर नसते. प्रतिस्पर्ध्याची उडी, त्याचे अंतर, स्वतःचा साठा, कोपऱ्याचे भय या सर्वांत विभागलेल्या मनास तोच अर्धा सेकंद अपुरा पडतो. म्हणजे हा तडाखा वस्तुतः प्रतिस्पर्ध्याच्या देहावर नसून त्याच्या अवधानावर असतो. मानवी अवधानाच्या मर्यादेचा इतका अचूक विचार नियमात उतरविणे हे रचनाकारांच्या परिपक्वतेचे लक्षण मानावे लागेल.

मात्र याच व्यवस्थेत या भागाची सर्वांत मोठी उणीवही दडलेली आहे. ड्राइव्हच्या पाचही कृती सर्व योद्ध्यांना समान आहेत. पाचव्या भागात प्रत्येक योद्ध्याची विशेष शक्ती त्याची स्वतःची होती. त्या योजनेत समतोल बिघडण्याचा धोका होता. परंतु व्यक्तिविशेष टिकून राहत असे. सहाव्या भागात, विशेषतः ‘ड्राइव्ह रश’मुळे, भिन्न प्रकृतीच्या योद्ध्यांची चाल एकाच वळणावर जाते. दूर राहून लढणारा आणि अंगाशी भिडणारा असे दोघेही अखेर त्याच हिरव्या झेपेच्या आधाराने पुढे सरसावतात. त्यातच कोपऱ्यात सापडलेल्या प्रतिस्पर्ध्यास फेकल्यानंतर पुन्हा त्याच स्थितीत गाठून पुन्हा फेकण्याची सोय अनेक योद्ध्यांना मिळाली. अशा वेळी बचाव करणाऱ्याजवळ तर्क उरत नाही, केवळ अंदाज उरतो. अनुभवी खेळाडूंच्या वर्तुळात याविषयी वारंवार तक्रार झाली ती उगाच नव्हे. डावाला तोड असावी हा या प्रकाराचा मूलधर्म. ती तोड केवळ दैवावर सोपविणे हे त्या धर्माशी विसंगत आहे.

‘ड्राइव्ह पॅरी’विषयीही असाच संमिश्र अभिप्राय द्यावा लागतो. ‘थर्ड स्ट्राइक’मधील परतवणीचा हा वारस आहे. येथे मात्र दोन बटणे दाबून धरली की आघात परतविले जातात आणि साठा हळूहळू घटतो. पकड ही तिची तोड ठेवलेली आहे. नेमक्या क्षणी परतवणी साधल्यास प्रत्युत्तराची मोठी संधी मिळते; परंतु त्यानंतरच्या आघातांचे बळ निम्म्यावर आणले आहे. समतोलाच्या दृष्टीने ही तडजोड योग्य आहे. तथापि धोक्याच्या दिशेने पाऊल टाकण्याचा जो आशय जुन्या नियमात होता, तो या नव्या नियमात राहिलेला नाही. साहस होते तेथे व्यवहार आला आहे.

४

नवागतांसाठी या भागाने केलेली ‘मॉडर्न’ नियंत्रणपद्धतीची योजना सर्वाधिक वादाचा विषय झाली. जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’, पद्धतीत आघाताची सहा बटणे असतात आणि विशेष आघातासाठी दिशांचा ठराविक क्रम साधावा लागतो. उदाहरणार्थ, उडी मारून येणाऱ्यास खाली पाडणारा ‘शोर्यूकेन’ हा ठोसा काढण्यासाठी पुढे, खाली आणि खाली-पुढे अशा दिशा दाबून मग ठोशाचे बटण दाबावे लागते. ‘मॉडर्न’ पद्धतीत हेच काम एक दिशा व एक बटण यांनी होते. त्याच्या मोबदल्यात अशा सुलभ मार्गाने काढलेल्या विशेष आघाताचे बळ २० टक्क्यांनी घटते आणि योद्ध्याचे काही साधे आघात मुळीच उपलब्ध होत नाहीत.

या योजनेवरचा आक्षेप असा की, श्रमाने मिळणारी सिद्धी श्रमाविना देणे हा कौशल्याचा अवमान आहे. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’चा पदकासाठीच्या प्रकारांत समावेश होता. त्यात सुवर्णपदक मिळविणारा दक्षिण कोरियाचा खेळाडू किम ग्वान-वू हा ४४ वर्षांचा होता. इतक्या दीर्घ साधनेचे मोल एका बटणाने मिटविले जाणार असेल तर तो अन्याय ठरेल. परंतु येथे दोन प्रकारच्या कठीणपणात भेद करणे आवश्यक आहे. एक कठीणपणा हाताचा, दुसरा निर्णयाचा. ठोसा कसा काढावा हा पहिला. तो केव्हा काढावा हा दुसरा. ‘मॉडर्न’ पद्धतीने पहिला कमी केला आहे, दुसऱ्यास धक्का लावलेला नाही. नवशिका पूर्वी पहिल्याच कठीणपणाशी झगडत थकून जाई आणि दुसऱ्यापर्यंत, म्हणजे या खेळाच्या खऱ्या रसस्थानापर्यंत, पोहोचतच नसे. तो अडसर आता दूर झाला आहे, ही या भागाची निःसंशय मोठी कामगिरी होय.

या संदर्भात पेटीचा दाखला उपयुक्त ठरेल. हार्मोनियममध्ये स्वर तयार असतो. पट्टी दाबली की तो निघतो. परंतु दोन स्वरांमधील मींड तिच्यातून निघत नाही. याच कारणाने तिच्याविरुद्ध एकेकाळी मोठा गिल्ला झाला आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. तरीही पेटीने गायनाचे दार असंख्यांना उघडून दिले, हे नाकारता येत नाही. ‘मॉडर्न’ पद्धतीची स्थिती अशीच आहे. स्वर हाती येतो, मींड येत नाही. जे साधे आघात तिच्यात वगळलेले आहेत त्यांतच पुष्कळदा योद्ध्याची बारीक नजाकत असते.

खरी उणीव निराळीच आहे. ‘मॉडर्न’ खेळाडूने दिशांचा जुना क्रम साधून आघात काढला तर त्याला पूर्ण बळ मिळते. म्हणजे शिकण्याकडे नेणारी एक पायरी रचनाकारांनी ठेवली आहे. परंतु त्यापुढची पायरी नाही. बटणांची मांडणीच निराळी असल्याने ‘क्लासिक’कडे वळणाऱ्यास बोटांची सवय मोडून नव्याने आरंभ करावा लागतो. सुगमतेचा हेतू प्रवेश हा असेल तर आतल्या दालनांकडे जाणारी वाटही सुगम असावयास हवी. येथे दार मोठे केले आहे आणि जिना अर्धवट बांधला आहे.

सुगमतेचा आणखी एक पैलू निर्विवाद स्तुत्य आहे. प्रतिस्पर्ध्याचे अंतर, आघाताचा प्रकार, उरलेले बळ इत्यादी गोष्टी ध्वनींच्या द्वारे कळविण्याची सोय या भागात आहे. त्यामुळे दृष्टिहीन खेळाडूसही लढतीचा अंदाज येऊ शकतो. दूरस्थ लढतींसाठी वापरलेली ‘रोलबॅक’ पद्धतीही अशीच गुणकारी आहे. प्रतिस्पर्ध्याची कृती पोहोचण्यास विलंब झाल्यास यंत्र ती गृहीत धरून चित्र पुढे नेते आणि गृहीत चुकल्यास तत्काळ मागे जाऊन दुरुस्त करते. भिन्न यंत्रे वापरणाऱ्यांनाही एकमेकांशी लढता येते. या सर्वांचा परिणाम दिसून आला. २०२३ च्या ऑगस्टमधील ‘इव्हो’ स्पर्धेत या एका खेळासाठी ७,००० हून अधिक खेळाडू उतरले आणि विजेता ठरला तो संयुक्त अरब अमिरातीचा खेळाडू. पुढील वर्षी कॅपकॉम चषकाचे १० लाख डॉलरचे पारितोषिक तैवानच्या खेळाडूने पटकावले. जपान व अमेरिका या जुन्या केंद्रांपलीकडे हे कौशल्य किती पसरले आहे, याची ही साक्ष होय.

५

‘वर्ल्ड टूर’ विभागात खेळाडू स्वतःच्या इच्छेप्रमाणे एक पात्र घडवितो आणि मेट्रो सिटी या काल्पनिक नगरात ल्यूक या शिक्षकाच्या हाताखाली त्याचे शिक्षण सुरू होते. पुढे तो देशोदेशी हिंडून मालिकेतील प्रसिद्ध योद्ध्यांना गुरू करतो व त्यांचे आघात आत्मसात करतो. एका गुरूची शैली आणि दुसऱ्याचे आघात यांचे मनाजोगे मिश्रण करण्याची मुभा त्याला असते. नियमांचे प्राथमिक पाठ कथेच्या ओघात देण्याची ही युक्ती कुशल आहे, आणि रस्त्यावरच्या कोणाही वाटसरूस लढतीचे आव्हान देता येण्यात एक निरागस विनोदही आहे.

या कथेचा घोषित विषय ‘खरे बल म्हणजे काय?’ हा आहे. विषय गंभीर आहे. परंतु कथेची आणि नियमांची वाट येथे फुटते. या विभागात पात्राची ‘पातळी’ लढतींच्या संख्येने वाढत जाते, आणि अंगावरील वस्त्रांनीही त्याचे बळ वाढते. परिणामी, अकुशल खेळाडू पुरेसा काळ घालवून केवळ आकड्यांच्या जोरावर जिंकू शकतो, तर कुशल खेळाडूचा आघात वरच्या पातळीच्या शत्रूवर निष्प्रभ ठरतो. बल म्हणजे काय, या प्रश्नाला कथा उत्तर शोधीत राहते. नियमांनी मात्र ‘बल म्हणजे संचय’ असे उत्तर आधीच देऊन टाकलेले असते. गुरुशिष्यसंबंधाचेही तेच होते. गुरूचा स्नेह भेटवस्तूंनी वाढतो. ज्या परंपरांत गुरुसेवेला आणि साधनेला स्थान आहे, त्यांच्या दृष्टीने हा संबंध फारच व्यापारी वाटेल. शिवाय मुख्य पात्र मूक आहे. त्यामुळे बॉश या सहाध्यायी प्रतिस्पर्ध्याच्या व्यथेला त्याच्याकडून प्रतिसाद मिळत नाही, आणि कथेतील करुण प्रसंग एकतर्फी राहतात.

याच्या उलट, ‘फायटिंग ग्राउंड’मधील योद्ध्यांत स्वभाव आणि नियम यांचे सुंदर ऐक्य आढळते. जेमी हा आपल्या पेयाचा एकेक घोट घेत जातो तसतसे त्याचे नवे आघात मोकळे होतात. पिण्यासाठी लागणारा क्षणभराचा धोका पत्करल्याविना त्याचे रूप खुलत नाही. मानोन ही ज्यूडो आणि नृत्य यांचा मेळ घालणारी फ्रेंच योद्धी. तिची विशिष्ट पकड प्रत्येक वेळी यशस्वी झाली की तिच्या पदकांत भर पडते आणि पुढची पकड अधिक जबर होते. येथे पात्राचे वर्णन करावे लागत नाही. ते खेळण्यातूनच कळते. जे रचनाकार हे साधू शकतात त्यांनी ‘वर्ल्ड टूर’मध्ये आकड्यांचा आश्रय घ्यावा, ही खंत म्हणूनच अधिक जाणवते.

६

भारतीय अभ्यासकास धालसीम या योद्ध्याचा विचार टाळता येणार नाही. १९९१ पासून हा ‘योगी’ मालिकेत आहे. हातपाय लांबविणे, मुखातून अग्नी फेकणे, क्षणात अदृश्य होऊन अन्यत्र प्रकटणे या त्याच्या सिद्धी. दुसऱ्या भागात त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ होती आणि त्याच्या रंगभूमीवर दोन्ही बाजूंस हत्ती व मध्ये गणेशाची प्रतिमा होती. एक देश, एक योद्धा आणि त्याची एक ढोबळ खूण हे त्या काळी संपूर्ण मालिकेचेच सूत्र होते. ब्राझीलच्या वाट्याला तर हिरवा वनपशू आला. त्या सूत्राचा उपहासगर्भ भडकपणा मान्य करूनही, धालसीम सर्वस्वी परकी विकृती आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. योगसूत्रांच्या विभूतिपादात देहाच्या अलौकिक सामर्थ्यांची चर्चा आहेच. मराठी वाचकास ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीतील सिद्धींचे आणि अस्त्रांचे सामनेही परके नाहीत.

क्षेमेंद्राने सांगितलेल्या औचित्याच्या कसोटीने पाहता प्रश्न सिद्धींचा नसून त्यांच्या स्थानाचा आहे. योगशास्त्रात सिद्धी ही साधनेची फलश्रुती नव्हे, तर तिच्या मार्गातील मोहाची जागा मानली आहे. मालिकेच्या कथेप्रमाणे धालसीम हा शांतताप्रिय असून लोकांच्या हितासाठी नाइलाजाने लढतो. ही विसंगती नियमांत कशी सोडविली आहे हे पाहण्याजोगे आहे. त्याची लढण्याची रीत अंतर राखण्याची आहे. तो प्रतिस्पर्ध्यास जवळ येऊ देत नाही, सावकाश तरंगतो, वाट पाहतो. ज्या खेळाडूच्या ठायी संयम नाही त्याच्या हाती हा योद्धा निष्फळ ठरतो. अशा रीतीने योग्याचा संयम खेळाडूच्या ठायी संक्रांत होतो. औचित्याची ही पातळी केवळ वेषभूषेने साधली नसती.

सहाव्या भागात दाढी आणि पागोटे ल्यालेला हा योगी पूर्वीपेक्षा प्रौढ व धीरगंभीर दिसतो, आणि ‘वर्ल्ड टूर’मध्ये तो गुरू म्हणून भेटतो. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु वर निर्दिष्ट केलेला समानीकरणाचा दोष येथे सर्वाधिक खटकतो. ज्याचा सारा आशय अंतर राखण्यात आहे त्याने इतरांसारखीच झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जावे, अशी नियमांचीच प्रेरणा आहे. वेष सुधारला, पण वृत्तीला मुरड पडली.

७

शेवटी व्यवसायाच्या बाजूचा उल्लेख करावा लागतो, कारण आजच्या व्हिडिओ गेमची कृती आणि तिचा बाजार ही वेगळी काढता येत नाहीत. मूळ खेळानंतर दर वर्षी चार नवे योद्धे स्वतंत्र मूल्याने देण्यात आले, रशीद, ए. के. आय., एड आणि अकुमा हे पहिल्या वर्षाचे. नवे योद्धे कसून घडविलेले असल्याने या पद्धतीविषयी फारशी तक्रार करता येणार नाही. परंतु २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’च्या चार पात्रांचे वेष विक्रीस ठेवण्यात आले तेव्हा प्रत्येकाचे मूल्य सुमारे १५ डॉलर होते. चारही घेणाऱ्यास जवळजवळ संपूर्ण खेळाच्या मूळ किमतीइतका, म्हणजे ६० डॉलरचा, खर्च येई. आणि हे वेष प्रसिद्ध योद्ध्यांना नव्हे, तर खेळाडूने घडविलेल्या पात्रालाच चढविता येत. दुसरीकडे, ज्याची खेळाडू वाट पाहत होते तो समतोलाचा पहिला व्यापक फेरफार मे २०२४ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर जवळजवळ एका वर्षाने, झाला. नियमांना एवढा काळ स्थिर ठेवणे खेळाडूंच्या अभ्यासास पोषक असते, हे खरे. पण ज्ञात दोषही तेवढाच काळ स्थिर राहतात.

एकंदरीत विचार करता, ‘स्ट्रीट फायटर ६’ने परंपरा आणि नवागत यांच्यातील तंटा पुष्कळ अंशी मिटविला आहे. रिक्ततेकडे नेणाऱ्या साठ्याची कल्पना, अवधानाची कसोटी पाहणारा तडाखा, हाताचा आणि निर्णयाचा कठीणपणा वेगळा काढण्याची दृष्टी, या त्याच्या ठेवी टिकाऊ आहेत. त्याचे दोषही त्याच गुणांच्या पाठीशी उभे आहेत. सर्वांना समान साधने दिल्याने प्रवेश सोपा झाला, परंतु योद्ध्यांचे वेगळेपण झिजले. एकट्या खेळाडूस विस्तृत जग मिळाले, परंतु त्या जगाचा नियम कौशल्याचा नसून संचयाचा राहिला. बल म्हणजे काय, हा प्रश्न या कृतीने स्वतःच उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर तिच्या कथेत मिळत नाही. दोन मनुष्ये समोरासमोर बसून खेळू लागली म्हणजे मात्र ते मिळते. पुढील भागाच्या रचनाकारांनी हे उत्तर कथेच्या दालनातही नेले, तर या परंपरेस तिच्या योग्यतेची कृती लाभेल.